वजन जागेवर आलेल्या फळ्या

कारखान्याच्या सेवापुस्तकात त्यांचे नाव स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशा रीतसर क्रमाने, एकही अक्षर न गाळता नोंदलेले होते. परंतु त्या नावाने हाक मारणारे कुणी उरले नव्हते. सगळे त्यांना काटामास्तर म्हणत. ते एकाहत्तर वर्षे आणि चार महिने जगले. त्यांतील चौतीस वर्षे त्यांनी फळ्यांच्या कारखान्यातील चाचणीखोलीत काढली, आणि अखेरची बारा वर्षे एका वाक्याचा पाठलाग करण्यात. ते वाक्य त्यांनीच उच्चारले होते.

कारखान्यात लाकडाचा कीस आणि चिपा डिंकात घोळून, तापलेल्या दाबयंत्राखाली दडपून पार्टिकल बोर्डाच्या फळ्या तयार होत. प्रत्येक पाळीतील काही फळ्यांतून पट्ट्या कापून चाचणीखोलीत येत. तेथे पट्टी दोन आधारांवर आडवी ठेवायची, मधोमध वरून दाब द्यायचा, आणि दोन गोष्टी टिपायच्या: किती भाराने ती किती वाकली, आणि किती भाराला मोडली. पहिलीवरून ताठपणा कळे, दुसरीवरून ताकद. मात्र यंत्राखाली जाण्यापूर्वी पट्टीने एका बंद खोलीत, ठराविक गारव्यात आणि ठराविक दमटपणात, मुक्काम करायचा असे. कारण लाकडातील ओलावा टक्क्यादोन टक्क्यांनी जरी चढला, तरी ताठपणाचा आकडा लगेच घसरतो; आज कोरड्या हवेत मोडलेली पट्टी आणि उद्या दमट हवेत मोडलेली पट्टी यांची तुलना म्हणजे उपाशी माणसाशी जेवलेल्याची कुस्ती लावण्यासारखे. या खोलीला कामगारांनी 'विश्रामगृह' असे नाव ठेवले होते. आपल्याला एक दिवसाची रजा मिळताना मारामार, आणि या फळ्या बघा, आठ-आठ दिवस गार हवेत पाय पसरून पडल्यात, असे ते एकमेकांना ऐकवीत.

काटामास्तर दररोज सकाळी सव्वानऊला विश्रामगृहातील पट्ट्यांचे वजन करीत. लागोपाठच्या दोन दिवशी वजनात फरक पडेनासा झाला, म्हणजे पट्टीने त्या हवेशी जुळवून घेतले असे ठरे, आणि मगच ती यंत्रावर जाई. कुणी घाई केली की ते एकच उत्तर देत: "वजन थांबू दे. वजन थांबल्याशिवाय फळी खरं बोलत नाही." व्यवस्थापकांनी स्वतः येऊन निकड सांगितली तरी त्यांचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मास्तरांच्या घरी चहासुद्धा वजन करून पितात, ही थट्टा त्यांच्या कानांवर आली होती. आणि तिच्यात खोटे फारसे काही नाही, हे त्यांच्या पत्नीने हसतहसत मान्य केले होते.

हा शिस्तीचा माणूस घडवला होता त्यांच्या थोरल्या भावाने. दादा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा दादांनी शाळा सोडून हातात करवत घेतली आणि धाकट्याला पदवीपर्यंत शिकवले. दादांना या शिक्षणाचे एवढे अप्रूप, की गिऱ्हाईक समोर बसले असले तरी ते सांगत, "मला फक्त हाताला लागतं तेवढं कळतं. आतलं कळतं ते आमच्या धाकट्याला." दादांची कार्यशाळा एका तीन मजली इमारतीच्या तळाशी होती. दाराशी बसायचा बाक, आत रंध्याचे लांब टेबल, भिंतीवर पटाशा उंचीच्या क्रमाने टांगलेल्या. दादांनी बसवलेला दरवाजा वीस वर्षांनीही चौकटीला घासत नाही, असा त्यांचा लौकिक होता. आणि दादांजवळ जमवलेले म्हणावे असे काही असेल तर ते तेवढेच.

अशा दादांना आयुष्यातील सर्वांत मोठे काम मिळाले ते सार्वजनिक वाचनालयाचे. जमिनीपासून छतापर्यंत कपाटे, जाड बांधणीचे ग्रंथ ठेवण्यासाठी. चाळीस फळ्या काटामास्तरांच्याच कारखान्यातून आल्या आणि कार्यशाळेत जमिनीवर रचल्या गेल्या. त्यानंतर दोन दिवस सुट्टी होती. त्या सुट्टीत वरच्या मजल्यावरील पाण्याची टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यावरून खाली उतरले, आणि दादांनी तिसऱ्या दिवशी कुलूप काढले तेव्हा चळतीतील खालच्या बावीस फळ्या पाण्यात बसलेल्या होत्या.

दादांनी त्याच दिवशी धाकट्याला बोलावून घेतले. काटामास्तर आले, त्यांनी पाहणी केली, आणि पद्धतशीरपणे कामाला लागले. फळ्या उभ्या करून मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवायची; पंखा लावायचा; दिवसाआड पालटायच्या. प्रत्येक भिजलेल्या फळीतून आणि एका कोरड्या फळीतून अगदी एका मापाचा तुकडा कापायचा, आणि त्याचे रोज वजन करायचे. यासाठी त्यांनी स्वतः एक छोटा काटा विकत आणला. कारखान्याचा काटा वापरणे त्यांना पटले नाही. ते खासगी काम झाले असते. आकडे वहिनी लिहून ठेवीत. सकाळी स्वयंपाक उरकून त्या कार्यशाळेत येत, तुकडे काट्यावर ठेवत, आणि म्हणत, "आमच्या घरात आता माणसांपेक्षा फळ्यांच्या तब्येतीची चौकशी जास्त."

बाविसाव्या दिवशी, एका रविवारी, काटामास्तर वही घेऊन बसले. तीन दिवस एकाही तुकड्याचे वजन हललेले नव्हते. भिजलेले तुकडे आणि कोरडा तुकडा यांच्यात केसाएवढाही फरक नव्हता. पाणी जेवढे आत गेले होते तेवढे सगळे बाहेर आले होते. आकड्यांची अशी सरळ रांग पाहिली की काटामास्तरांना जो आनंद होई, तो इतरांना गाण्याने होत असेल.

दादा मात्र हातात दोन तुकडे घेऊन उभे होते. त्यांनी कोरड्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारली, मग भिजून वाळलेल्यावर.

"हा बद्द वाजतोय रे," ते म्हणाले. "आणि जाडीही जरा जास्त आहे याची. हाताला लागतेय."

"जाडी बसेल हळूहळू."

"मी काय म्हणतो, बावीस नव्या आणतो. महिनाभर उशीर होईल, होऊ दे. वाचनालयवाले काही पळून जात नाहीत."

"दादा, वजन जागेवर आलंय. बिनधास्त लाव."

दादांनी आणखी एकदा टिचकी मारली, कान जरा वाकडा केला, आणि तुकडे टेबलावर ठेवले. धाकट्याला आतले कळते, हे तेच तर सगळ्यांना सांगत आले होते.

चूक कोठे झाली, हे पुढे काटामास्तरांनी स्वतःशी इतक्या वेळा मांडले की ती मांडणी त्यांना पाठ झाली. वजन थांबले म्हणजे फळी प्रश्न विचारण्याच्या स्थितीला आली. उत्तर तर यंत्राखाली मोडल्यावरच मिळते. तेवीस वर्षे दररोज वजन थांबण्याची वाट पाहिल्यामुळे त्यांना थांबणे हेच उत्तर वाटू लागले होते. पाणी आत शिरले तेव्हा दडपून बसवलेल्या चिपा फुगल्या, फुगताना त्यांनी डिंकाचे सांधे उसवले, आणि पाणी निघून गेल्यावर ते सांधे काही पुन्हा जुळले नाहीत. वाढलेली जाडी म्हणजे आत उसवलेल्या जागेचेच माप होते. खिशात जाडी मोजण्याचा व्हर्नियर होता, तो खिशातच राहिला. सहा पट्ट्या कापून कारखान्यात मोडून पाहिल्या असत्या तर आठवड्यात सगळे उघड झाले असते. पण त्यासाठी व्यवस्थापकांकडे खासगी कामाची परवानगी मागावी लागली असती, आणि चौकटीबाहेरची परवानगी मागणे हे काटामास्तरांच्या स्वभावात बसत नव्हते.

कपाटे लागली. दिसायला देखणी झाली. पहिल्या वर्षी ग्रंथपालबाईंच्या लक्षात आले की मधली पुस्तके एकमेकांकडे कलतात. दुसऱ्या वर्षी फळ्यांचा मधला भाग डोळ्यांना दिसावा इतका खाली आला. दादांनी जाऊन खालून आधाराच्या पट्ट्या मारल्या. चौथ्या वर्षी, एका दुपारी, ग्रंथपालबाई एक जाड खंड जागेवर सरकवीत असताना वरून तिसरी फळी मोडली, ती खालच्यावर पडली, आणि एक अख्खे कपाट पुस्तकांसह खाली आले. बाईंचे मनगट मोडले. त्याहून अधिक काही झाले नाही, हे नशीब.

वाचनालयाच्या समितीने दादांना बोलावले. दादांनी धाकट्याला सोबत नेले. लांब टेबलाभोवती सात माणसे होती: अध्यक्ष, सचिव, चार सदस्य आणि हात गळ्यात बांधलेल्या ग्रंथपालबाई. दोघे भाऊ भिंतीलगतच्या बाकावर बसले. टेबलावर मोडलेल्या फळीचा तुकडा पुराव्यादाखल ठेवला होता. त्याच्या मोडलेल्या कडेवरून चिपा भाकरीच्या चुऱ्यासारख्या सुटत होत्या.

सचिवांनी विचारले, फळ्या मुळातच अशा होत्या का. दादा उभे राहिले आणि म्हणाले, की नाही, फळ्या चांगल्या होत्या, माझ्या कार्यशाळेत भिजल्या, मी वाळवल्या आणि लावल्या.

"कुणाला दाखवल्या होत्या का लावण्याआधी?"

"नाही. माझ्या अंदाजानं लावल्या."

हे शब्द काटामास्तरांच्या शेजारीच, हातभर अंतरावर उच्चारले गेले. त्यांनी मान वर केली. त्या क्षणी उठून एक वाक्य बोलायचे होते, आणि ते वाक्य त्यांच्या ओठांशी आलेही होते. पण तेवढ्यात अध्यक्षांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. जाणकार माणूस समोर दिसला की त्याला उभे करून बोलते करण्याची त्यांना सवय होती. ते म्हणाले, आपण तर याच क्षेत्रातले, भिजल्याने फळीचे नेमके होते काय ते आम्हाला जरा समजावून सांगा.

काटामास्तर उभे राहिले आणि त्यांनी समजावून सांगितले. चिपा कशा फुगतात, डिंक कसा सुटतो, वाळल्यावर वजन परत येते पण ताकद परत येत नाही, हे सांगितले. सकाळी फरशी धुतली की हवेतला दमटपणा चढतो, दुपारी उतरतो. भाराखाली असलेली फळी अशा प्रत्येक चढउतारात थोडी अधिक वाकते, आणि वाकलेली सरळ होत नाही, हेही सांगितले. यातला बराचसा भाग त्यांनी फळ्या वाकू लागल्यानंतर जुनी पुस्तके उपसून नीट वाचला होता. बोलणे बारा मिनिटे चालले. एकही शब्द खोटा नव्हता. अध्यक्षांनी मान डोलावली, सचिवांनी टिपणे घेतली, आणि शेवटी अध्यक्ष म्हणाले, अशी स्वच्छ माहिती क्वचित ऐकायला मिळते. इतिवृत्तात नोंद झाली की सुताराने भिजलेल्या, निकामी फळ्या कुणालाही न विचारता वापरल्या.

बाहेर आल्यावर दादा पायऱ्यांवर क्षणभर थांबले. त्यांनी चष्मा पुसला.

"छान समजावून सांगितलंस," ते म्हणाले. "मलाही आज नीट कळलं."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काटामास्तरांना तो सोसला असता.

गावभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. दादांकडे नवी कामे येईनाशी झाली. दरवाजे, कपाटे बसवणारा माणूस खुर्च्यांचे पाय आणि खिडक्यांच्या कड्या दुरुस्त करू लागला. ओळखीचे लोक तोंडावर काही बोलत नसत, पण काम दुसऱ्याकडे नेत. वहिनी एकदा एवढेच म्हणाल्या, की रंध्याचा आवाज ऐकला नाही तर यांना भूक लागत नाही, आणि हल्ली यांना भूकच लागत नाही.

काटामास्तरांनी मग ते केले जे चार वर्षे आधी करायचे होते. ग्रंथपालबाईंच्या परवानगीने त्यांनी मोडलेल्या कपाटाचे तुकडे आणले आणि मनाचा हिय्या करून व्यवस्थापकांकडे गेले. व्यवस्थापकांनी ऐकून घेतले व म्हणाले, "अहो मास्तर, तेव्हाच विचारलं असतं तर मी काय नाही म्हणालो असतो?" पट्ट्या कापल्या, विश्रामगृहात ठेवल्या, वजन थांबले, आणि एकेक मोडल्या. न भिजलेल्या फळ्यांच्या मानाने ताकद निम्म्याहून थोडी अधिक भरली. ताठपणा निम्म्यालाही पोहोचला नाही. काटामास्तरांनी तक्त्यांसह अकरा पानांचा अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर, सल्ला कोणी दिला होता, हे स्वतःचे पूर्ण नाव घालून लिहिले.

तो अहवाल घेऊन ते दादांकडे गेले. दादा एका खुर्चीला वेत विणत होते. त्यांनी पाने उलटली, तक्त्यांवरून नुसती नजर फिरवली, शेवटचे पान मात्र वाचले.

"हे मला कशाला दाखवतोस? मला माहीतच आहे की."

काटामास्तर म्हणाले, की समितीपुढे ठेवणार आहे, आधी तुला दाखवावे म्हटले. दादांनी वेत ओढून घट्ट केला.

"त्या दिवशी तू उठून बोलला असतास ना, तर मीच तुला हात धरून खाली बसवलं असतं. धाकट्याचं नाव मी जाऊ दिलं नसतं." त्यांनी गाठ मारली आणि उरलेला वेत कापला. "पण तू उठलाच नाहीस."

यानंतर काटामास्तरांनी तो अहवाल समितीकडे लगेच न्यायला हवा होता. त्यांनी तो नेला नाही. आधी त्यांना एक तक्ता पुन्हा तपासावासा वाटला. मग आणखी सहा पट्ट्या मोडून पाहाव्याशा वाटल्या, कारण सहावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मग असे वाटले, की नोकरीत असताना कारखान्याचे नाव मध्ये येईल, तेव्हा निवृत्तीनंतर स्वच्छपणे करू. प्रत्येक कारण रीतसर होते. अशी सात वर्षे गेली. ते निवृत्त झाले, आणि पुढच्याच वर्षी दादा गेले. फुप्फुसाचा आजार होता; तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते आणि शेवटपर्यंत शुद्धीत होते.

महिन्याभराने काटामास्तर वहिनींना भेटायला गेले आणि त्यांनी अहवाल पुढे ठेवला. समितीला तो आता देणार असल्याचे सांगितले. वहिनींनी शेवटचे पान वाचले. आकडे लिहिण्याचा त्यांना सराव होता, तक्तेही त्यांनी समजून घेतले. मग पानांच्या कडा जुळवून त्यांनी ते परत दिले.

"भावोजी, हे ते ऐकू शकत होते तेव्हा त्या सात जणांसमोर वाचायला काय झालं होतं?"

काटामास्तरांनी पाने पिशवीत ठेवली. वहिनी चहा ठेवायला उठल्या.

वाचनालयाचे सचिव आता बदलले होते. त्यांनी सौजन्याने सांगितले, की जुने इतिवृत्त खोडता येत नाही, पण त्याला पुरवणी जोडता येते. पुरवणी जोडली गेली. तिची प्रत वहिनींना पोहोचली. परंतु कपाटात बंद असलेल्या कागदाने कुणाचे मत बदलत नाही, हे काटामास्तरांना कळत होते. ज्या सात माणसांनी त्यांची ती बारा मिनिटे ऐकली होती, त्या प्रत्येकाला समोरासमोर सांगायचे, असे त्यांनी ठरवले. चौकशी करता त्यांतील तिघे वारल्याचे समजले. जुने सचिव दुसऱ्या शहरात मुलीकडे राहत होते. काटामास्तर दोन दिवसांचा प्रवास करून तेथे गेले. एक सदस्य दारातच ऐकून घेऊन म्हणाले, आता काय उपयोग. ग्रंथपालबाईंनी सगळे शांतपणे ऐकले, वाकडे बसलेले मनगट दुसऱ्या हाताने चोळले, आणि म्हणाल्या, की मला तेव्हाच वाटले होते, तुमच्या भावाचा चेहरा न विचारता काम करणाऱ्याचा नव्हता.

अध्यक्ष उरले. ज्यांनी सर्वांत मोठी शाबासकी दिली होती, त्यांच्याकडे जायला काटामास्तरांचा पाय उचलत नव्हता. आज नको, पुढच्या महिन्यात, असे करता करता सहा वर्षे गेली. शेवटी गेले तेव्हा अध्यक्ष खिडकीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते. सुनेने आत नेले आणि हळूच सांगितले, की त्यांना आता फारसे आठवत नाही, माणसेही ओळखत नाहीत.

काटामास्तरांनी वाचनालयाचे नाव काढले. अध्यक्षांचे डोळे उजळले.

"तुम्ही त्या सुताराचे भाऊ का? भिजलेल्या फळ्या लावल्या हो त्यानं. कुणाला विचारलंसुद्धा नाही."

काटामास्तरांनी खुर्ची जवळ ओढली आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. अध्यक्षांनी लक्षपूर्वक ऐकले, हात हातात घेतला, आणि म्हणाले, बरे झाले सांगितले, माणसाचा गैरसमज राहू नये. काटामास्तर त्या दिवशी हलक्या पायांनी घरी आले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा गेले, सहज खुशाली विचारायला. वाचनालयाचा विषय निघाला, आणि अध्यक्ष म्हणाले, "भिजलेल्या फळ्या लावल्या हो त्यानं."

मग दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी चार वाजता काटामास्तर तेथे जात. सून चहा आणून ठेवी. ते पहिल्यापासून सांगत, अध्यक्ष लक्ष देऊन ऐकत, खेद व्यक्त करत, आणि महिन्याने पुन्हा तेच वाक्य म्हणत. एकदा सुनेने न राहवून विचारले, की काका, त्यांना राहत नाही लक्षात, तुम्ही कशाला स्वतःला त्रास करून घेता. काटामास्तर म्हणाले, की ऐकतात तेवढा वेळ तरी त्यांना खरे ठाऊक असते. हे पाच वर्षे चालले. पत्नीने त्यांना यावरून कधी हटकले नाही; गुरुवारी धुतलेला सदरा काढून ठेवी, एवढेच.

काटामास्तर गेले ते एका सोमवारी, घरीच, सकाळी. त्यांच्या पश्चात जे मार्गी लागले ते असे: वाचनालयाच्या दप्तरात पुरवणी आहे आणि ती मागेल त्याला दाखवतात. कारखान्याच्या चाचणीखोलीत भिजून वाळलेल्या फळीची जाडी मोजणे आता सक्तीचे आहे. दादांच्या पटाशा वहिनींनी सुतारकाम करणाऱ्या एका होतकरू बाईंना दिल्या, आणि त्या बाई पटाशा धार लावून वापरतात.

अध्यक्ष अजून आहेत. पहिला गुरुवार आला की चारच्या सुमारास ते दाराकडे बघतात, पण कुणाची वाट बघतोय हे त्यांना सांगता येत नाही. कुणी वाचनालयाचे नाव काढले, तर ते भिजलेल्या फळ्यांविषयी तेच सांगतात. खरे ठाऊक असलेली तेव्हा घरात सून एकटीच असते. तिने काटामास्तरांचे सांगणे पाच वर्षे ऐकले आहे. परंतु तो सुतार तिचा कोणी नव्हता, आणि तिला हातातले काम असते.